लालीचा रकाना

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे.

समोरच्या खुर्चीत एक माणूस रेलून बसलाय. त्याच्या तोंडावर मास्क, तुमच्याही तोंडावर मास्क. तुम्ही हात धुतलेत, हातमोजे चढवलेत. त्याच्या सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी आहेत आणि गळ्याखालच्या हाडाच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला, पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. ती तुम्ही हलकेच सोडवता. खाली कातडीतून बाहेर आलेली पेन्सिलीएवढी जाड नळी. पुढे तिला दोन फाटे, एकाला लाल टोपण, एकाला निळं. नळीचं आतलं टोक थेट हृदयात आहे. लाल फाट्यातून रक्त मशीनमध्ये जाणार, धुतलं जाणार, निळ्यातून परत येणार. चार तास. त्याआधी तुम्हाला फक्त एक जागा बघायचीय, नळी जिथून बाहेर येते ती. जंतू शिरायचे तर तिथूनच शिरतात, आणि एकदा शिरले की हृदयापर्यंत त्यांना वाटेत अडवणारं कोणी नाही.

शेजारी टॅब ठेवलाय. पडद्यावर तीन रकाने. सूज? पू? लाली? प्रत्येकापुढे होय आणि नाही. तिन्ही भरले की मशीन सुरू करायची परवानगी मिळते, नाहीतर मिळत नाही. मागे आणखी चार खुर्च्या तुमच्या नावाने ओरडताहेत. किती वेळ बघाल?

बहुतेक जण अर्धा मिनिट बघतात. नाही, नाही, नाही, आणि पुढची खुर्ची.

टेक्निशियन नऊ वर्षं असंच बघत आली होती, आणि ती काही वाईट बघणारी नव्हती. डायलिसिस सेंटरमध्ये बारा मशिनं, दिवसाच्या तीन पाळ्या. तिसरी पाळी दुपारी दोनला लागायची आणि ती पाळी तिची. कुठलं मशीन कधी कुरकुरणार हे तिला आवाजावरून कळायचं. अलार्म वाजण्याआधी ती तिथे पोचलेली असायची. मोठ्या सिस्टर, म्हणजे सेंटरच्या मुख्य परिचारिका, कौतुकात कंजूस होत्या, पण त्याही म्हणायच्या, "हिच्या पाळीला मी निर्धास्त जेवते."

ती खाणवस्तीतली. तिचे पणजोबा दगड फोडायला समुद्रापलीकडून आणलेल्या टोळीत होते. काम संपलं, टोळी परत गेलीच नाही. खाणीच्या तोंडाशी आधी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, मग विटांच्या. चार पिढ्या उलटल्या तरी शहरातल्या माणसांना वस्तीतलं माणूस लांबूनच ओळखू यायचं, कारण वस्तीतल्या माणसांचा रंग तव्यासारखा काळा आणि शहरातल्यांचा गव्हाळ. "मूळचे कुठले तुम्ही?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "पाच नंबरच्या बसने शेवटचा थांबा." विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं नाही. तिचं व्हायचं.

वस्तीची माणसं शहराच्या दहाव्या हिश्श्याइतकी, पण बारा खुर्च्यांतल्या पाच वस्तीच्या. रक्तदाब चढलेला कळायचा तो चक्कर येऊन पडल्यावर. कंबर मोडायची म्हणून दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं मूठभर घेतलेल्या, आणि मग एके दिवशी पाय सुजून खांब झाले की डॉक्टर सांगायचे, मूत्रपिंडं गेली. ती कोर्स करायला निघाली तेव्हा तिच्या बापाने एवढंच विचारलं होतं, "त्या खुर्चीत बसण्यापेक्षा खुर्चीशेजारी उभं राहणं बरं, नाही का?"

वस्तीतल्या पाचांमध्ये एक ड्रायव्हरकाका होते. तीस वर्षं खाणीचा डंपर चालवलेला. खुर्चीत टेकता टेकता म्हणायचे, "पोरी, गाडी आलीय सर्व्हिसिंगला. ऑइल बदल, फिल्टर बदल, आणि बिल मालकाला पाठव." मालक म्हणजे कोण, असं तिने विचारलं की वर बोट करायचे.

एका मंगळवारी त्यांची पट्टी काढताना ते म्हणाले, "पोरी, इथं आतून जरा गरम गरम लागतंय."

तिने वाकून बघितलं. दिवा ओढून घेतला. नळीभोवतीची कातडी नेहमीसारखी, काळी, कोरडी. सूज म्हणावी अशी नाही. पू नाही. लाली नाही.

"पट्टीच्या चिकटाने होतं काका," ती म्हणाली. "आज दुसरी लावते."

आणि तिसऱ्या रकान्यात नाहीवर बोट ठेवलं.

गुरुवारी काका आले ते दोन माणसांच्या खांद्यावर, दात वाजत असलेले. सेंटरमधून तसेच इस्पितळात नेले. जंतू रक्तात, मग हृदयाच्या झडपेवर. पुढच्या मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी होती आणि गुरुवारी तिच्यावर दुसरा माणूस बसला. सेंटरमध्ये खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही.

काकांच्या माघारी ती त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेली. काकूंनी रडारड केली नाही. पाण्याचा पेला तिच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "तू बघितलं होतंस ना गं?"

"बघितलं होतं, काकू."

"मग झालं," काकू म्हणाल्या. "तू बघितलं होतंस म्हणजे काही नसणारच तेव्हा."

कुणी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी खिडकीत बसून तिने कोर्सचं पुस्तक उघडलं. नळीच्या संसर्गाचा धडा. सोबत अकरा फोटो. हा धडा तिला तोंडपाठ होता. "संसर्गाची पहिली खूण कोणती?" ह्या प्रश्नाला तिने "लाली" असं लिहून पूर्ण गुण मिळवले होते. अकराच्या अकरा फोटोंत नळीभोवती लालबुंद कडं होतं, आंधळ्यालाही दिसेल असं. नऊ वर्षांत ती ते कडंच बघत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने कड्याभोवतीची कातडी बघितली. अकराही माणसं गोरी होती.

तिच्या मनगटावर आदल्या संध्याकाळी डास चावला होता. गांधी उठली होती, खाजत होती, बोट लावलं तर गरम लागत होती. लाल होती का? तिने हात उन्हात धरला, तिरका केला, डोळ्यांजवळ आणला. नव्हती. नुसती थोडी जास्त काळी, जांभळट, एखादी सावली पडावी तशी. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हा रंग जन्मापासून अंगावर होता आणि रोज आरशात दिसत होता. तरी काळ्या कातडीवर लाली कशी दिसते हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

सोमवारपासून तिने पट्टी काढायच्या आधी बोटाने चाचपायला सुरुवात केली. गरम आहे का, कडक आहे का, दाबल्यावर दुखतं का. ह्यात तिची फजितीच झाली. चौथ्या दिवशी एका गवंड्याच्या नळीपाशी तिला गरम वाटलं आणि तिने लालीपुढे होय केलं. होय केलं की टॅब फोटो मागतो, फोटो डॉक्टरांच्या फोनवर जातो. दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला. "फोटोत काहीच नाही. उगाच होय करत जाऊ नका, मला चाळीस फोटो येतात दिवसाला." वरून तो गवंडी ठणठणीत निघाला. तो उन्हातून चालत आला होता, अंग तापलं होतं, एवढंच.

हे सगळं सात नंबरच्या खुर्चीवरून आत्या बघत होती.

आत्या म्हणजे तिच्या बापाची मोठी बहीण. सोळा महिन्यांपासून डायलिसिसवर. त्याआधी चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी. डोळे अधू, जीभ शाबूत. सेंटरला ती "माझं दुसरं सासर" म्हणायची. "आठवड्यातून तीनदा यायचं, रक्त आटवायचं, आणि जाताना वर हसून सांगायचं, येते हं."

"काय गं," आत्या म्हणाली, "त्या गवंड्याला गुदगुल्या का करत होतीस?"

"ऊब बघत होते, आत्या."

"बोटांच्या टोकांनी?" आत्या खो खो हसली. "नऊ वर्षं औषधं लावून लावून तुझी टोकं निबर झालीत. चामडं झालंय त्यांचं. इस्त्रीवाल्या बाईला विचारायचं होतंस. इस्त्री किती तापली ते आम्ही कशाने बघायचो?"

"कशाने?"

"उलट्या हाताने. बोटांच्या पाठीने. लावायची नाही, टेकवायची. आणि एकटी इस्त्री तापली की नाही हे कुणाला कळतं? शेजारी गार इस्त्री असली की कळतं. आधी गारेवर, मग गरमेवर. तुमच्या त्या कोर्सात शिकवत नाहीत वाटतं?"

"नाही शिकवत."

"मग फी परत माग त्यांच्याकडे."

तिने आत्याचं ऐकलं. आता ती आधी डाव्या छातीवर बोटांची पाठ टेकवायची, मग उजव्या, नळीच्या बाजूला. उन्हात तापलेला माणूस दोन्हीकडे सारखा तापलेला असतो, हे त्या गवंड्यामुळे पक्कं डोक्यात बसलं होतं. पातळ हातमोज्यातूनही फरक कळतो, फक्त घाई चालत नाही. दर खुर्चीमागे दीड मिनिट जास्त जायचं. पलीकडच्या रांगेतला जोडीदार टेक्निशियन कुरबुरायचा, "मॅडम, तुमच्या दीड मिनिटांनी माझी बस चुकते." ती म्हणायची, "पळत जा, रक्तदाब कमी होईल."

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, आत्याची पाळी होती. तिने डावीकडे हात टेकवला. मग उजवीकडे.

हात तिथेच थांबला.

पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. नळी कातडीखालून जिथे वळते तिथे दोन बोटं रुंदीचा पट्टा गरम होता. हळूच दाबलं, तर खाली कच्च्या पेरूसारखं घट्ट.

"दुखतंय?"

"छे. लाव मशीन."

"आत्या, खरं सांग."

"काही दुखत नाही म्हटलं ना. परवापासून नुसतं ठणकतंय."

"ठणकणं म्हणजे दुखणंच ना गं!"

आत्याने मान वळवली. मग अगदी हळू, शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मला इस्पितळात पाठवू नकोस. आपल्यातलं जो कोणी इथून तिकडे जातो, तो परत येत नाही. ड्रायव्हर गेला. त्याच्याआधी ती शिवणकामवाली गेली. मी मोजलेत."

ती पट्टी काढून बसली. दिवा ओढला. कातडी काळी, कोरडी. पू नाही. डोळ्यांना दिसेल अशी सूज नाही. ताप मोजला, नव्हता. टॅबवर तिसरा रकाना तिच्याकडे बघत होता. होय केलं तर फोटो जाईल, फोटोत काही नसेल, फोन येईल. नाही केलं तर मशीन सुरू होईल आणि हृदयात उघडणारी नळी चार तास चालेल.

तिने टॅब उलटा करून टेबलावर ठेवला.

दहा मिनिटं गेली. जोडीदार टेक्निशियन आला. "अजून सुरू नाही? काय झालं?"

"रकाना भरत नाहीये."

"टॅब हँग झाला?"

"टॅब ठीक आहे. मी भरत नाहीये."

त्याने टॅब उचलून बघितला, तिच्याकडे बघितलं. "अगं, टाक नाही आणि हो मोकळी. आत्या तुझीच आहे, तिलाच उशीर करतेयस."

"माझी आहे म्हणून मी घाबरलेय असं कुणी म्हणायच्या आत सांगते," ती म्हणाली. "मला लाली दिसत नाही, म्हणून मी होय लिहिणार नाही. इथे संसर्ग नाही असं मला वाटत नाही, म्हणून नाहीही लिहिणार नाही. डॉक्टरांना बोलाव. ते येईपर्यंत सात नंबर सुरू होणार नाही."

पंचवीस मिनिटांनी मोठ्या सिस्टर आल्या. मशीन रक्ताऐवजी नुसत्या मिठाच्या पाण्यावर फिरत होतं. त्यांनी विचारलं, तिने सांगितलं. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता, आणि स्वतः डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर शेजारच्या इमारतीत रुग्ण तपासत होते. ते आले तेव्हा गळ्यात स्टेथोस्कोप, हातात दुसऱ्याच कुणाचे कागद आणि कपाळावर आठ्या.

"पंचेचाळीस मिनिटं मशीन अडवलंत तुम्ही," ते म्हणाले. "ताप नाही, पू नाही, लाली नाही. मग अडलंय कुठे?"

"सर, उलटा हात टेकवून बघा. आधी डावीकडे, मग उजवीकडे."

"ह्या तुमच्या आत्या आहेत ना? मला समजतं, जवळचं माणूस असलं की काळजी..."

"सर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण चार खुर्च्यांवरच्या माना वळल्या. "ड्रायव्हरकाका माझे कुणी नव्हते. ते मला गरम लागतंय म्हणाले. मी बघितलं, लाल दिसलं नाही, मी नाही लिहिलं. सही माझी आहे. आमच्या कातडीवर लाल दिसत नाही सर. तुम्ही शिकलात त्या पुस्तकात आमचा एक फोटो असेल तर सांगा, मी आत्ता नाही लिहिते."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. घाईतले होते. त्यांनी कागद सिस्टरांच्या हातात दिले, हात धुतले, हातमोजा घातला आणि बोटांची पाठ टेकवली. डावीकडे. उजवीकडे. परत डावीकडे.

"डॉक्टर," आत्या डोळे मिटून म्हणाली, "हात छान गार आहे तुमचा. राहू दे थोडा वेळ."

कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कातडीखालचा घट्ट पट्टा बोटाने नळीच्या बाजूने वरपर्यंत शोधला आणि आत्याने दात आवळले ते त्यांनी बघितलं.

"रक्ताची तपासणी पाठवा," ते म्हणाले. "जंतूंची. एक नळीतून, एक हातातून. आणि निकालाची वाट न बघता औषध आजच, मशीनवरच सुरू करा." मग सिस्टरांकडून कागद परत घेत, "लालीपुढे होय करा. फोटो मागेल, जमिनीचा काढा. माझ्याकडेच येणार आहे तो."

शनिवारी निकाल आला. दोन्ही बाटल्यांत जंतू वाढले होते. आत्याची नळी बदलली, तीन आठवडे औषध चाललं, आणि इस्पितळात ती दोन रात्री राहून परत आली. वस्तीत ही बातमी आत्याच्या आधी पोचली होती. ती स्वतः मात्र एवढंच म्हणाली, "तिथल्या चादरींना कुणीतरी फार वाईट इस्त्री करतंय."

एवढ्यावर भागलं असतं. पण टेक्निशियनला आता एका आत्यावर भागवायचं नव्हतं. तिला तो रकाना बदलायचा होता. तिने मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: फॉर्म चाळीस सेंटरांसाठी एकच आहे, एका अनुभवावरून बदलता येत नाही, आकडे असल्यास पाठवावेत.

"झालं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आकडे असल्यास म्हणजे विषय बंद."

"आकडे आहेत सिस्टर. आपल्या संगणकात आहेत. तुमची परवानगी पाहिजे."

सिस्टरांनी परवानगी दिली, आणि रविवारी स्वतः येऊन शेजारी बसल्या. सहा वर्षांतले रक्तसंसर्ग काढायचे आणि प्रत्येकाच्या संसर्गाआधीच्या तीन डायलिसिसच्या फेऱ्यांमध्ये लालीपुढे काय लिहिलं होतं ते बघायचं. अडचण वेगळीच निघाली. नोंदीत रंग नव्हता, वस्ती नव्हती. फक्त पत्ता होता. तिने पत्त्यावरून दोन याद्या करायला घेतल्या तेव्हा सिस्टर अवघडल्या.

"माणसं अशी वेगळी काढायची? बरं दिसतं का ते? आपण सगळ्यांना सारखंच वागवतो."

"सिस्टर, वेगळी तर ती आधीपासून आहेत. मी फक्त मोजतेय."

सिस्टरांनी पुढची फाईल उघडली आणि पत्ता मोठ्याने वाचला.

सहा रविवार लागले. शहरातल्या तीस जणांना रक्तसंसर्ग झाला होता. त्यातल्या बावीस जणांच्या रकान्यात ताप येण्याच्या आधीच लाली होय असं लिहिलेलं होतं, म्हणजे संसर्ग वेळेत धरला गेला होता. दगावले दोन. वस्तीतल्या सव्वीस जणांना संसर्ग झाला होता. आधी होय लिहिलेले, तीन. दगावले सात. सातही जणांच्या शेवटच्या फेरीत लाली नाही, आणि त्या सातांतल्या चार ठिकाणी तिची स्वतःची सही.

सिस्टरांनी त्या चार ओळींवर बोट ठेवलं. "ह्या सह्यांचा रकाना काढून टाक. त्यांना काय करायचंय कोणी भरलं ते?"

"राहू दे. नाहीतर म्हणतील, दुसऱ्यांच्या चुका दाखवतेय." तिने कागद नीट केले. "आणि खरंच माझ्या आहेत त्या."

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की विचाराधीन आहे. तिसऱ्यावर डॉक्टरांनी स्वतःहून सही केली आणि खाली दोन ओळी हाताने लिहिल्या, ज्या तिने कधी वाचल्या नाहीत कारण त्यांचं अक्षर देवालाही लागत नव्हतं. त्यानंतर एका महिन्याने टॅबवर नवे रकाने उमटले. शेजारच्या कातडीपेक्षा रंग वेगळा? दुसऱ्या बाजूपेक्षा गरम? घट्ट? दाबल्यावर दुखतं? फक्त ह्याच सेंटरसाठी, फक्त सहा महिने, प्रयोग म्हणून.

"प्रयोग तर प्रयोग," ती म्हणाली, आणि तिन्ही पाळ्यांच्या टेक्निशियनांना एकाच दुपारी बोलावलं. शिकवायला सात नंबरच्या खुर्चीत आत्या होती.

"टेकवायची म्हटलं, चोळायची नाही," आत्या जोडीदार टेक्निशियनला दरडावत होती. "मी काय भांडं आहे का? आधी गार बाजू. हां. आता सांग, कुठली इस्त्री तापलीय?"

"कुठलीच नाही, आत्या."

"बरोबर. तापली असती तर तुझ्या आधी मीच बोंबलले असते."

"फी काय घेणार शिकवायची?"

"अर्धा कप पाणी जास्त," आत्या म्हणाली, कारण तिला दिवसाला मोजून तीनच कप पाणी मिळायचं. आणि आपल्या भाचीकडे बघून पुढे म्हणाली, "ही देणार नाही. दगड आहे. बापावर गेलीय."

नव्या रकान्यांनी पहिल्या चार महिन्यांत पाच जण धरले, ताप यायच्या आधी. त्यातले चार वस्तीतले, एक शहरातला. शहरातल्याची लाली दिसलीच नव्हती, कारण तो छातीभर दाट केस असलेला माणूस होता आणि नळी केसांत दडली होती. दोन वेळा हाक खोटीही निघाली. डॉक्टर आले, हात टेकवला, काही नाही म्हणाले आणि गेले. कुणी चिडलं नाही. कुणी दगावलंही नाही. सहा महिने संपायला दोन उरलेत आणि ती प्रत्येक होयची नोंद वेगळ्या वहीत ठेवतेय, कारण आकडे असल्यास पाठवावेत.

पण त्या सहा रविवारांत तिच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडली होती, जी ती शोधत नव्हती. छातीतली नळी ही मुळात तात्पुरती. डायलिसिस सुरू झालं की हातातली एक शीर रोहिणीला जोडून घ्यायची, छोटंसं ऑपरेशन. ती शीर फुगून तयार झाली की सुई तिच्यात टोचायची आणि छातीतली नळी काढून टाकायची. नळीच नाही तर जंतूंना दारच नाही. कुणाची नळी किती दिवस राहिली हे नोंदीत होतं, म्हणून तिने तेही लिहून घेतलं. शहरातल्या माणसाची नळी सरासरी चार महिन्यांत निघत होती. वस्तीतल्या माणसाची चौदा.

तिने विचारायला सुरुवात केली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुमची माणसं फार उशिरा येतात, तयारीला वेळच मिळत नाही. डॉक्टर म्हणाले, काहींच्या शिरा बारीक असतात, पण तेवढ्याने दहा महिन्यांचा फरक पडू नये, मलाही बघायला हवं. शस्त्रक्रिया विभागातल्या कारकुनाने सांगितलं, तारीख दिली की तुमच्याकडचे येतच नाहीत. मग ती वस्तीत घरोघरी फिरली. नळी असलेल्या पाचही जणांना एकच प्रश्न विचारला, आत्यालाही.

"तारीख?" आत्या म्हणाली. "मला कुणी तारीखच दिली नाही गं. तू पहिली, जिने विचारलं."

पाचांतल्या चौघांनी हेच सांगितलं. पाचव्याला एकदा तारीख मिळाली होती, ती उलटून गेल्यावर.

आता दर बुधवारी, पाळी सुरू व्हायच्या आधी, ती शस्त्रक्रिया विभागाच्या खिडकीपाशी उभी असते. हातात पाच जणांच्या हाताच्या ऑपरेशनसाठी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रती, प्रत्येकीवर डॉक्टरांची सही आणि तारीख. कारकून तिला ओळखतो. कधी म्हणतो, साहेब रजेवर आहेत. कधी म्हणतो, पुढच्या बुधवारी या. ती पुढच्या बुधवारी येते. आणि दर वेळी, आवाज न चढवता, खिडकीतून तेच विचारते. ही चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावरून निघाली त्याला वर्ष झालं. शहरातल्यांची चिठ्ठी सर्जनच्या टेबलावर आठवड्याभरात पोचते. मग आमची इतके महिने कुणाच्या हातात असते?